सव्वा व्होल्टचा आवाज

वारजे, १९ फेब्रुवारी २०२५

सौ. अमृता यांस,

सप्रेम जयभीम.

वारज्याहून कोथरूडला पोस्टानं पत्र पाठवणारा माणूस आता पुण्यात मी एकटाच उरलो असेन. बसनं वीस मिनिटं लागतात, पत्राला चार दिवस. तरी लिहितो आहे, कारण सहा वर्षांपूर्वी आपणच म्हणाला होतात की यापुढे माझा फोन उचलणार नाही. आता तर मला फोन करताही येत नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये माझं स्वरयंत्र काढलं. कॅन्सर होता, आता नाही असं डॉक्टर म्हणतात. गळ्याला पुढून एक भोक आहे, श्वास तिथून चालतो. आवाज नाही. हे आपणांस कळवायचं नाही अशी शपथ मी अक्षताला घातली होती, तेव्हा धाकट्या बहिणीवर रागावू नये.

मुद्द्याचं लिहितो. अक्षताचं लग्न १३ एप्रिलला ठरलं आहे. बौद्धाचार्य म्हणून तीस वर्षांत मी तीनशेच्या वर मंगल परिणय लावले. लोकांच्या पोरींना त्रिशरण-पंचशील दिलं आणि स्वतःच्या पोरीच्या लग्नात मुकाट बसायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. अक्षताच्या ऑफिसातल्या आयुष यांनी आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम घालून दिला आहे. माझ्या जुन्या कॅसेट ऐकून तो माझा आवाज शिकतो. शिकून झाला की आपण टाइप करू ते तो माझ्या आवाजात म्हणतो. इंटरनेटवर पाठवलं तर एका दिवसात होतं म्हणे. पण माझा आवाज परक्याच्या गोदामात ठेवायला मी तयार नाही. घरच्या मशीनवर आजपासून अठ्ठावन्न दिवस दाखवतो आहे. लग्नाला उरलेत त्रेपन्न.

प्रोसेसरचा वेग वाढवला तर पाच दिवस वाचतील, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, असं आयुष म्हणाले. पण त्या सेटिंगला पासवर्ड आहे आणि तो आपण इंजिनिअरिंगला असताना घातलेला आहे. तेवढा कळवावा. पुढचं कसं करायचं तेही लिहावं, अगदी अडाण्याला सांगावं तसं. आयुष पुढच्या आठवड्यापासून बंगलोरला आहेत.

कळावे.

बापूराव अंभोरे


कोथरूड, २४ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,

जयभीम.

अमृता नावाचं या घरात कोणी राहत नाही. पोस्टमन ओळखीचा आहे, त्यानं हस्ताक्षर आणि वारज्याचा शिक्का बघून अंदाजानं मला दिलं. पुढच्या वेळी असं नशीब असेलच असं नाही.

माझ्या बापाचं स्वरयंत्र काढलं, हे मला चार महिन्यांनी आणि कॉम्प्युटरच्या पासवर्डच्या निमित्तानं कळतं. धन्य आहे. पत्र वाचून मी ओट्यापाशी तशीच उभी राहिले, दूध उतू गेलं, अनिरुद्धनं येऊन गॅस बंद केला. खूप रडले. हे आत्ताच लिहून टाकते, कारण पुढचं पत्र कोरडं असणार आहे.

पासवर्ड: बाबांना कळणार नाही. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून. एकोणीस वर्षांची होते, माफ करा.

आता नीट वाचा. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा भाग. कंपनी त्याला एक वेग नेमून देते. तो त्याहून थोडा जास्त पळू शकतो, पण पळाला की तापतो आणि तापला की चुकतो. सगळी कला एवढीच आहे की तो तापायच्या आत थांबायचं. म्हणून आधी वायर काढून डबा उघडा आणि धूळ झाडा. सहा वर्षांत कोणी हात लावला नसेलच. प्रोसेसरवरचा पंखा सोडवून खालची वाळलेली पेस्ट पुसा, नवी लावा. कॉम्प्युटरच्या दुकानात थर्मल पेस्ट मागा. मटाराच्या दाण्याएवढी लावायची, चपातीला तूप लावतात तशी नाही.

मग मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहा, पासवर्ड टाका. तिथे 'मल्टिप्लायर' नावाच्या ओळीत ३५ असेल. त्याचे ३६ करा. सेव्ह करा, सुरू करा, आयुषकडून तापमान दाखवणारा आणि परीक्षा घेणारा असे दोन प्रोग्रॅम घेऊन ठेवा. अर्धा तास परीक्षा चालवा. तापमान ऐंशीच्या खाली राहिलं तर ३७. एका वेळी एकच पायरी. मशीन लटकलं तरच व्होल्टेज किंचित वाढवायचं, आणि सव्वाच्या वर कधीही नाही. काही झालं तरी नाही. सव्वाच्या वर प्रोसेसर जळतो आणि जळलेला परत येत नाही. जिथे थांबाल तिथे शेवटची परीक्षा सलग आठ तासांची. ती चुकवायची नाही. मशीन सुरूच होईना झालं तर आत नाण्यासारखा चपटा सेल आहे, तो पाच मिनिटं काढून परत बसवा, सगळं मूळ पदावर येतं.

अक्षतानं मला लग्नाला बोलावलं आहे. बाबांनी बोलावलं तर येईन, असं मी तिला सांगितलं होतं. तुमच्या पत्रात ते कुठे दिसलं नाही.

आम्रपाली


वारजे, ३ मार्च २०२५

सप्रेम जयभीम.

वर नाव लिहिलेलं नाही, लिफाफ्यावरही फक्त इमारत आणि फ्लॅटचा नंबर घातला आहे. पोस्टमनच्या अंदाजावर सोपवतो.

पासवर्ड तिसऱ्या खेपेला लागला. इंग्रजीत ळ नाही, ण नाही. एक एल घालायचा की दोन, हे तू लिहिलं नव्हतंस. त्या लोकांचं या दोन अक्षरांवाचून कसं चालतं कोण जाणे. डबा उघडला तेव्हा आत गालिचा अंथरल्यासारखी धूळ होती. ती काढून पेस्ट लावल्यावर तापमान अठ्ठ्याऐंशीवरून एकसष्टावर आलं. मग तू म्हणालीस तशा पायऱ्या चढलो, वहीत लिहीत. ४१ ला एकदा लटकलं, व्होल्टेज थोडं वाढवलं. ४३ ला पडदा निळा झाला. खाली ४२ वर आलो. व्होल्टेज बरोबर सव्वा. ताप शहात्तर. आठ तासांची परीक्षाही पास झाला. काल सत्तेचाळीस दिवस शिल्लक दाखवत होता, ते एकोणचाळीस झाले. लग्नाला बेचाळीस होते. म्हणजे तीन दिवस हातात. सत्तराव्या वर्षी मी हे केलं, याचा मला आनंद झाला हे लपवत नाही.

आता तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. तुझ्या लग्नाच्या दिवशी ठरलं काय होतं? सकाळी तुमच्या सासरच्या पद्धतीनं, संध्याकाळी वारज्याच्या विहारात आपल्या पद्धतीनं, आणि परिणय मी लावायचा. मी सकाळी हॉलच्या दारात आलो. दारावर फुलांनी लिहिलं होतं, अनिरुद्ध आणि अमृता. मी आम्रपालीचा बाप म्हणून आलो होतो. ज्या आम्रपालीनं बुद्धाला आपली आमराई दिली, तिच्यावरून तुझ्या आईनं नाव ठेवलं होतं. ती गेली त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि तिनं ठेवलेली एवढी एकच वस्तू तुझ्यापाशी होती. तीही सासरच्या दारात उतरवून ठेवलीस. कशासाठी? कोथरूडच्या लोकांना आडनावावरून, नावावरून काही कळू नये म्हणून. मी जे बोललो ते सगळ्यांसमोर बोललो आणि संध्याकाळचा परिणय रद्द केला. त्याचं दुःख मला आहे. चूक होती असं वाटत नाही.

बापूराव


कोथरूड, ८ मार्च २०२५

ती. बाबांस,

जयभीम.

तुम्ही काय बोललात ते लिहायचं टाळलंत, मी लिहिते. "अमृता नावाची मुलगी मला नाही. तिच्यासाठी माझ्या तोंडून मंगल शब्द निघणार नाही." स्टँडवर चाळीस वर्षं गाड्या पुकारणाऱ्या माणसाचा आवाज. माइकची गरज पडली नाही, स्वयंपाकघरातल्या बायकांनासुद्धा ऐकू गेलं.

आता माझं ऐका. सून आली की तिचं नाव बदलायचं ही त्यांच्याकडची रीत आहे, जातीचा त्यात संबंध नाही, असं सासूबाई म्हणाल्या. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. लग्नाच्या आठवडाभर आधी त्यांनी मला विचारलं, अमृता चालेल ना? मी म्हणाले, बघू. बाबा, पुण्यात 'बघू' म्हणजे नाही. कोथरूडमध्ये जन्म काढलेल्या बाईला हे कळायला नको? त्यांनी हो धरलं आणि फुलवाल्याला सांगून मोकळ्या झाल्या. मी स्पष्ट नाही म्हणायला हवं होतं. भांडायचा कंटाळा केला. तेवढी चूक माझी, ती मी सहा वर्षं कबूल करायला तयार होते. विचारलं कोणी?

तुम्ही निघून गेल्यावर एक गोष्ट झाली, ती तुम्हाला माहीत नाही. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. अनिरुद्धनं लिहिलं, आम्रपाली. सासूबाई म्हणाल्या, अरे अमृता लिहायचंय. तो म्हणाला, अंगठी माझी आहे. त्यानंतर या घरात कोणीही मला अमृता म्हटलेलं नाही. जगात हे नाव फक्त तुम्ही वापरता.

मशीनबद्दल. आठ तासांची परीक्षा तुम्ही घेतलेली नाही. तीन तारखेच्या पत्रात आदल्या दिवसाचे आकडे आहेत, सत्तेचाळीसचे एकोणचाळीस एकाच दिवसात झाले. धूळ, पेस्ट, सगळ्या पायऱ्या आणि वर आठ तास एवढ्यात बसत नाहीत. लटकणारा कॉम्प्युटर प्रामाणिक असतो, बिघडलो म्हणून सांगतो तरी. न लटकता मधेच एखादा हिशेब चुकवणारा वाईट. तो सगळं ठीक असल्यासारखा चालत राहतो आणि शेवटी जे हातात येतं ते चुकीचं असतं. परीक्षा घ्या.

आणखी एक. तो चपटा सेल काढला की पासवर्डही पुसला जातो. हे आयुषला माहीत नसणं शक्य नाही. त्यांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?

आम्रपाली


वारजे, १७ मार्च २०२५

सप्रेम जयभीम.

सांगितलं होतं.

परीक्षा घेतली नव्हती, हेही खरं. दोन तासांनी बंद केली. दिवस मोजत होतो.

तांदळाची गोष्ट वाचून मी पाटी घेतली आणि तिच्यावर लिहून अक्षताला विचारलं, खरं का? ती म्हणाली, मी तिथेच उभी होते. मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तुम्ही तिचं नाव घरात काढू दिलंत का कधी.

आज लिहितो आहे ते वेगळ्याच कारणानं. काल प्रोग्रॅमनं पहिला नमुना दिला. अर्धवट शिकलेला, मधेमधे घरघर असलेला. पण माझा आवाज. पाच महिन्यांनी मी स्वतःला ऐकलं. खुर्ची घट्ट धरून बसलो. अक्षता दाराशी उभी राहून रडत होती. आणि मग नीट ऐकलं, तर यंत्र म्हणत होतं, बुद्धं सरनं गच्छामि. सरणं नाही. सरनं. मी पुन्हा टाइप केलं, पुन्हा सरनं. पुढे मी लिहिलं होतं, एकमेकांना सांभाळा. ते म्हणालं, सांभाया. पाण्याला पानी, काळाला काय.

त्रिशरणातलाच शब्द चुकला, म्हणजे सगळंच गेलं. लग्नाला चारशे माणसं, व्याही प्राध्यापक, आणि बौद्धाचार्य अंभोरे सरनं म्हणणार? ज्या माणसानं चाळीस वर्षांत स्टँडवर एक ण चुकवला नाही? तू लिहिलं होतंस तेच झालं. घाई केली, यंत्र तापलं, न सांगता चुकलं. मी ताबडतोब मल्टिप्लायर परत ३५ वर आणला. आता एकोणतीस दिवस दाखवतो आहे, लग्नाला सत्तावीस आहेत. दोन दिवसांनी चुकतंय. शिवाय जे चुकीचं शिकला ते विसरणार कसा, हेही कळत नाही. तुझा सल्ला हवा. एवढी एक गोष्ट माझ्या हातून धड व्हावी, आम्रपाली.

बापूराव


कोथरूड, २० मार्च २०२५

ती. बाबांस,

जयभीम.

तुमच्या पत्रात माझं नाव दिसलं. दोनदा वाचलं.

घाबरू नका, आणि मल्टिप्लायर परत ४२ वर न्या. आठ तासांची परीक्षा या वेळी खरोखर घ्या. मी पैज लावते, पास होईल. कारण तापलेला प्रोसेसर असा चुकत नाही. तो चुकला तर आवाज फाटेल, मधेच खरखर येईल, मशीन आपोआप बंद होईल. प्रत्येक ण चा न आणि प्रत्येक ळ चा य? चूक इतकी शिस्तीत होत नसते. हे बिघडलेलं नाही, शिकलेलं आहे. कोणीतरी त्याला असं बोलून दाखवलं आहे.

असं कोण बोलतं? वाशीमची आजी बोलायची. आपल्या घरात नाही. मी सुट्टीत तिच्याकडून 'पानी' शिकून आले की तुम्ही घास खाली ठेवायचात आणि मी शुद्ध म्हणेपर्यंत जेवायचा नाहीत. मला अजून जेवताना पाणी मागायची धास्ती आहे, म्हणून आधीच भरून घेते. अनिरुद्ध हसतो.

तुमचं मशीन निर्दोष आहे. कॅसेट ऐका. एकूण एक, दोन्ही बाजू.

आम्रपाली


वारजे, २९ मार्च २०२५

चि. आम्रपालीस,

अनेक उत्तम आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

पैज जिंकलीस. आठ तास, ताप पंचाहत्तर, एकही चूक नाही. मशीन परत ४२ वर चालू आहे, दहा-अकरा तारखेपर्यंत संपेल.

चौदा कॅसेट आहेत. तेरांत लोकांची लग्नं आहेत, लाऊडस्पीकर, पोरांची रड, मंडपातली भांडी. नववीची एक बाजू तशीच. दुसरी बाजू मी कधी वाजवलीच नव्हती. आयुष यांनी सगळ्या भरताना तीही भरली. तिच्यात पाऊण तास फक्त माझा आवाज आहे, बंद खोलीतला, अगदी स्वच्छ. म्हणून यंत्रानं बाकीचं सोडून तीच पकडली. मी काय बोलतोय ते ऐकून लिहितो: "झोप माय, झोप. डोये मिट. कोनी नाही येत. मी आहो न इथं. पानी पाहिजे का माह्या आम्रपालीले?" पाऊण तास हेच. मधे एकदा तुझी आई हसते.

मला आठवलं मग. तू वर्षाची होतीस. माझी रात्रपाळी असली की तू झोपायची नाहीस, म्हणून तुझ्या आईनं, चंपानं, माझा आवाज भरून घेतला होता. मी ड्यूटीवर जायचो आणि ती कॅसेट लावायची.

तुला मी कधी सांगितलं नाही. वाशीमहून आलो तेव्हा मी असाच बोलायचो. स्टँडवर पहिल्यांदा माइक हातात आला आणि मी म्हणालो, लोनावयाकडे जानारी गाडी. फलाटावरची सगळी माणसं हसली. एक जण ओरडला, अहो, हे गाव कुठं आलं? साहेबांनी महिन्याची मुदत दिली. मी न्हाणीघरात आरसा लावून महिनाभर एकच शब्द घोटला. लोणावळा. लोणावळा. जीभ सोलून निघाली. महिन्यानं माझी बदली टळली, आणि पुढे लोक विचारायचे, अंभोरे, तुम्ही मूळचे पुण्याचेच का? मला ते आवडायचं. फार आवडायचं. तू शाळेत जायला लागलीस त्या जूनपासून मी घरातही तसं बोलणं बंद केलं. माझ्या आईला इथे आणून ठेवलं नाही, त्याचं खरं कारणही तेच होतं. ती बोलली की शेजाऱ्यांना कळायचं.

आणि असा माणूस हॉलच्या दारात उभा राहून पोरीला म्हणाला की तू लोकांना कळू नये म्हणून नाव टाकलंस. तू तर नाव टाकलंही नव्हतंस. जीभ मीच बदलली होती. मी चुकलो, आम्रपाली. दुःख आहे असं मागे लिहिलं होतं, ते पुरेसं नाही. चुकलो.

तुझ्यासाठी माझ्या तोंडून मंगल शब्द निघणार नाही असं मी म्हणालो होतो. ते खरं झालं. आता तोंडातून कोणासाठीच काही निघत नाही.

नववी कॅसेट काढून टाकली तर यंत्र शुद्ध बोलेल, असं आयुष यांनी कळवलं. पण पहिल्यापासून शिकवावं लागेल, तेवढे दिवस नाहीत. असते तरी आता काढली नसती. तेरा तारखेला चारशे माणसांसमोर सरनं लागेल. व्याह्यांना काय वाटायचं ते वाटो. अक्षताला ऐकवलं, ती म्हणाली, हेच ठेवा.

मात्र तिच्या आधी तुझं बाकी आहे. अर्ध्या शिकलेल्या आवाजात मी तुझा आणि अनिरुद्धरावांचा परिणय भरला आहे, त्रिशरण, पंचशील, दोघांच्या प्रतिज्ञा आणि शेवटी माझा आशीर्वाद. दोघांची पूर्ण नावं घेतली आहेत. मधे एका ठिकाणी आवाज फाटतो, तो यंत्राचा दोष समज. पेनड्राइव्ह सोबत ठेवतो आहे. ऐकावंस अशी इच्छा आहे, आग्रह नाही. लग्नाला तुम्ही दोघं यावं, हे बोलावणं आहे.

तुझा,

बाबा


कोथरूड, ३ एप्रिल २०२५

प्रिय बाबा,

पत्र मिळालं. स्टँडवरचं वाचून अनिरुद्धला मोठ्यानं वाचून दाखवायला गेले, अर्ध्यात मला जमेना, पुढचं त्यानं वाचलं.

तुमच्यावरचा राग गेला असं लिहिणार नाही. सहा वर्षांचा आहे, हळूहळू जाईल. आजीबद्दल लिहिलंत ते मला फार लागलं. ती दर वेळी विचारायची, पुन्याले कधी नेता? आणि मला वाटायचं तिलाच यायचं नसेल. ते आपण बोलू, म्हणजे मी बोलेन आणि तुम्ही पाटीवर लिहा. सुटका नाही.

पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, फाइल दिसली, पण मी वाजवली नाही. तीनशे लग्नं लावलीत, हे तुम्हाला सांगायला नको. त्रिशरण नुसतं ऐकायचं नसतं. देणारा म्हणतो आणि घेणारे मागून म्हणतात. इथे हॉलमधल्या सोफ्यावर बसून मी कोणाच्या मागून म्हणू? तुम्ही समोर हवेत.

म्हणून रविवारी सकाळी आम्ही दोघं वारज्याला येतो. अक्षताला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका, नाहीतर ती सोसायटीभर करेल. मशीनचा आवाज मोठा ठेवा. जिथे सरनं येईल तिथे आम्हीही सरनंच म्हणू. अनिरुद्धला कालपासून ण सोडवत नाहीये, प्रयत्न चालू आहे.

हे पत्र शनिवारपर्यंत पोहोचलं नाही, तर आम्ही पत्राच्या आधी येऊ. बेल वाजेल. आतून कोण आहे म्हणून तुम्हाला विचारता येणार नाही, हे मला माहीत आहे. न विचारता दार उघडा.

आम्रपाली